भिंतीवरच्या संक्रांतीची नजर

पिंपरखेड, ता. घनसावंगी
१४ डिसेंबर २०२५

प्रिय अंबरीन,

आधी एक सांग, हे पाकीट तुझ्या हातात आलं तेव्हा नीट चिकटलेलं होतं का? मी मैद्याची खळ लावून दोन्ही कडा दाबल्या आहेत. हे आणून देणाऱ्या इजहारवर माझा संशय नाही, तुझा भाऊ तो माझाही भाऊच. पण पतंगांचा माल उतरवायला त्याचा टेम्पो संध्याच्या दुकानासमोर थांबतो, आणि संध्या दुसऱ्याचं पाकीट उजेडाला धरून बघणारी बाई आहे. फोन का करत नाहीस असं विचारू नकोस. या घरात फोनवर बोललेलं माझ्याआधी चुलीपाशी पोहोचतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाजी निवडता निवडता सगळं ऐकतात आणि संध्याकाळी त्यातलं निम्मं मलाच परत सांगतात.

आता बातमी. मला भिंत मिळाली! बचत गटाचं यंदाचं हळदीकुंकू आमच्या गल्लीत आहे आणि गल्लीच्या टोकाला गोदामाची मोठी कोरी भिंत आहे. तिच्यावर संक्रांतीचं चित्र काढायचं ठरलंय. हळदीकुंकवाचं फुलापानांचं नाही, साक्षात संक्रांत. पंचांगात दरवर्षी येतं ना, ती कशावर बसून आली, काय नेसली, हातात काय धरलं, कुठल्या दिशेला बघते. यंदा वाघावर बसून, पिवळं नेसून येतेय. बातमी फुटल्यापासून गल्लीतल्या पिवळ्या साड्या पेटीत गेल्यात, कारण ती जे नेसते त्याच्यावर तिची वक्रदृष्टी. तुला हसू येईल. मलाही आलं होतं, पण तोंड फिरवून हसले.

आपला चित्रकलेचा कोर्स संपून सहा वर्षं झाली, तेव्हापासून मी शाळेच्या फळ्यावरच्या सुविचाराभोवती वेली काढतेय. ही भिंत चांगली झाली तर तालुक्याला आणखी दोन भिंती आहेत म्हणे. म्हणून तुझी मदत हवी. चेहऱ्याचा खाका, कागदावर सुईनं भोकं टोचून, तू करून दे. तुझ्यासारखी टोचणी माझ्याकडून होत नाही.

भिंतीसमोर तीन दारं आहेत, ती लक्षात ठेव. उजवीकडे आमचं. बरोबर समोर संध्याचं किराणा दुकान आणि मागे घर. डावीकडे माझ्या थोरल्या दिरांचं. दादा आणि माझा नवरा कल्याण दोन वर्षांपूर्वी वेगळे झाले, भांडून नाही, पण हसतखेळतही नाही. दादांच्या बायकोला, भावनाताईला, सातवा लागलाय. आधीची दोन गेली. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायची बंदी केलीय. दादा ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यावर असतात, म्हणून दुपारचं ताट मी नेऊन देते. आमच्याकडे अजून काही नाही, हे तुला ठाऊक आहे. गल्लीला तर तुझ्याहून जास्त ठाऊक आहे.

तुझी,
दैवशाला


जुना जालना
१८ डिसेंबर

प्रिय दैवशाला,

पाकीट चिकटलेलं होतं, आणि इतकं चिकटलेलं की उघडताना तुझा अर्धा पत्ता फाटला. आमच्या घरात रोज बादलीभर खळ शिजते, पण पत्राला एवढी कुणी लावत नाही. तू कोर्सला असतानाही कपाटाला दोन कुलपं लावायचीस. एक माझ्यासाठी होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

इथं बोलायला फुरसत नाही. संक्रांत जवळ आली की अब्बा, म्हणजे आपले ख्वाजामियाँ, माणसात राहत नाहीत. पतंगाच्या कमानीच्या काड्या तासताना कोणी शिंकलं तरी ओरडतात. अम्मी कागद कापते, मी चिकटवते आणि उरलेल्या कागदावर तुझी देवी टोचते. अब्बांनी विचारलं, कुणाचा चेहरा आहे? मी म्हटलं, सूर्य वळायला लागला की जी येते तिचा. ते म्हणाले, मग जरा चांगला कर, तिच्यामुळंच आपली चूल पेटते.

खाका सोबत आहे. भिंतीवर ताणून धर, गेरूची पुरचुंडी आपट, भोकांतून ठिपके उतरतील. एक प्रत मी माझ्याकडं ठेवलीय, तुझी फाटली तर असावी म्हणून.

आता डोळ्यांचं. तू तीन दारं लिहिलीस, त्यावरून मला वाटलं की बुबुळं कुठंही झुकली तर कुणीतरी धरून बसेल. म्हणून मी ती बिलकुल मधोमध ठेवलीत. सरळ समोर. ना डावीकडं, ना उजवीकडं. समोर दुकानाच्या आधी रस्ताच आहे ना? रस्त्याला कसली नजर लागणार?

भावनाताईंना माझा सलाम सांग. अम्मी रोज दुआ करते.

तुझी,
अंबरीन


पिंपरखेड
२७ डिसेंबर

प्रिय अंबरीन,

चित्र झालं. वर्षातला सगळ्यात लहान दिवस असतो ना, बावीस तारखेचा, त्या दिवशी मी मुद्दाम डोळे भरले. उजेड भिंतीवर तिरपा येत होता आणि लवकर पळत होता. वाघ जरा मांजरासारखा झालाय, पण पिवळं लुगडं बघून सगळ्या जणी थबकतात. माझ्या हातून इतकी मोठी गोष्ट आधी कधी झाली नव्हती. शिडीवरून उतरल्यावर मी बराच वेळ रस्त्यात उभी राहून आपलंच काम बघत होते, लाज न बाळगता.

पण तुझा "रस्ता" काही कामाला आला नाही. सरळ समोर बघणारे डोळे जो बघेल त्याच्याकडंच बघतात, हे आपण दोघी शिकलो होतो आणि दोघीही विसरलो! संध्या दुकानाच्या फळीवर बसली की तिला वाटतं, ती माझ्याकडंच बघतेय. संध्याकाळी पाणी भरायला आलेल्या बायका दोन पावलं इकडं सरकतात, दोन तिकडं, आणि म्हणतात, "हिकडं बी बघती बया." मी समजावलं की ती चित्राची गंमत आहे. गंमत या शब्दानं तर आणखी बिथरल्या. पंचांगातली दिशा साऱ्या देशाची असते, ती वाटून घेता येते. भिंतीवरची नजर आपल्या गल्लीची, ती कुणाच्या ना कुणाच्या दारात पडणारच, असं त्यांचं म्हणणं.

मग मी दोन दिवस आईकडं जाऊन आले. परत येते तर घरात आत्याबाईंचा आवाज चढलेला. "सारी गल्ली सोडून घरच्याच दाराकडं तोंड केलं का गं तिचं? आपल्याच हातानं आपल्या घरावर संक्रांत आणून राह्यली! मंग ओटी कशी भरंल?" मी बाहेर जाऊन बघितलं. मला नजर जराशी उजवीकडं वाटली खरी, पण उन्हं उतरली होती, आणि एवढं ऐकल्यावर कुणालाही काहीही वाटेल. कल्याण अर्ध्या ताटावरून उठून गेला. आत्याबाई तीन दिवस तेच तेच बोलतायत, ताट वाढताना, दिवा लावताना. मी ऐकून घेते. काय करणार?

तालुक्याच्या भिंतींचं अजून कुणी काही बोललं नाही.

तुझी,
दैवशाला


जुना जालना
१ जानेवारी २०२६

दैवशाला,

हे पत्र लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. शेवटी लिहितेय, कारण मनात ठेवलं तर माझ्या हातून काम होत नाही.

इजहार परवा तुमच्याकडं माल टाकून आला. मी त्याला सांगितलं होतं की भिंतीचा फोटो काढून आण. त्यानं गल्लीच्या मधोमध उभं राहून काढला, मग तिन्ही दारांतून काढला. फोटो मोठा करून मी माझ्याकडच्या खाक्याशेजारी ठेवला. दैवशाला, माझ्या खाक्यात बुबुळं मधोमध आहेत. तुझ्या भिंतीवर ती डावीकडं सरकलीत, पार कोपऱ्यात. ही उन्हाची गोष्ट नाही. कुणीतरी ती तशी केलीत.

तू मला लिहिलंस की जराशी उजवीकडं वाटली. डावीकडं भावनाताईंचं दार आहे, असं तूच पहिल्या पत्रात लिहिलं होतंस. मग उजवी तू का लिहिलीस?

मी तुला ओळखते असं मला वाटतं. सहा वर्षांत तुला काय काय ऐकावं लागलं, तेही ठाऊक आहे. दुसरीची ओटी भरताना बघून आपल्याला कसं होतं, ते तू एकदा मला सांगितलं होतंस, आणि रडली होतीस. म्हणून विचारते. भिंतीवर ब्रश फक्त तुझा होता. हे तू केलंस का?

रागाव हवं तर. पण उत्तर दे.

अंबरीन


पिंपरखेड
३ जानेवारी

अंबरीन,

नाही.

एवढंच लिहून पाठवणार होते. मग वाटलं, तू त्याच्यातही काहीतरी वाचशील.

मी उजवीकडं लिहिलं कारण त्या दिवशी ती उजवीकडं होती. मग मी भिंतीकडं बघायचंच सोडलं. आता डावीकडं आहे, हे मला तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी कळलं, आणि तेही भावनाताईच्या दारात कळलं. मी नेहमीसारखं ताट घेऊन गेले. तिनं ताट घेतलं नाही. पलंगावरून, माझ्याकडं न बघता म्हणाली, "तिथंच ठिव. न्हाईतर घिऊन जा." तिच्या खिडकीतून भिंत दिसते. मी वळून बघितलं तर भिंतीवरची बाई थेट आमच्याकडं बघत होती. मी त्याच उंबऱ्यात ताट घेऊन उभी होते, आणि जी कोणी मला त्या वेळी बघत असेल तिला मी कशी दिसले असेन, याचा विचार कर.

गल्लीनं तो विचार आधीच केलाय. वांझ बाईनं पोटुशीवर संक्रांत सोडली. तोंडावर कोणी म्हणत नाही. पाण्यावर गेले की बोलणं थांबतं, आणि संध्या मला काडेपेटी देताना हाताला हात लागू देत नाही. आत्याबाईंचं तर बघ, आठवडाभर मला घरावर संक्रांत आणली म्हणून बोलत होत्या, त्याच आता दिवा लावताना माझ्याकडं टक लावून बघतात आणि काही बोलत नाहीत. बोलत होत्या तेच बरं होतं.

खरी भीती वेगळीच आहे. भावनाताई परतूरला माहेरी जाते म्हणते. भोगीच्या दिवशी सकाळी जीप सांगून ठेवलीय. रस्ता तू बघितला नाहीस. उसाच्या ट्रॅक्टरांनी गुडघ्याएवढ्या चाऱ्या पाडल्यात. डॉक्टरांनी तिला न्हाणीपर्यंत चालायला बंदी केलीय आणि ही जीपमध्ये बसून दीड तास हादरे खाणार, कारण तिला त्या भिंतीसमोर राहायचं नाही आणि माझ्या हातचं खायचं नाही. दादा तिला अडवत नाहीत. दादांनाही माझी भीती वाटते.

मी शिडी घेऊन डोळे पुन्हा मधोमध करायला निघाले होते, तर कल्याणनं शिडीच धरून ठेवली. म्हणाला, "आता हात लावू नको. हात लावला की तूच केलं असं व्हईल." बरोबरच आहे त्याचं. मी घरात आले.

तू विचारलंस ते विचारायचा हक्क तुला आहे असं मी आजपर्यंत मानत होते. भावनाताईला गमावण्याइतकंच तुझं हे विचारणं मला लागलं.

दैवशाला


जुना जालना
६ जानेवारी

प्रिय दैवशाला,

तुझं पत्र अम्मीसमोर वाचलं आणि अम्मीनं माझ्या हातातला पतंगाचा ताव काढून घेतला. म्हणाली, पहले उसको लिख.

माफ कर असं लिहिलं तर तुझा विश्वास बसणार नाही, आणि खरं सांगू, माझा संशय पुरता गेलेलाही नाही. नव्वद टक्के गेला. उरलेला घालवायला मी तुला काम सांगते. नुसत्या शब्दांवर आपण दोघी कधीच विसंबलो नाही, हात चालले की आपल्याला कळतं.

तू डोळ्यांना तेलाचा काळा रंग वापरलास, बरोबर? तो आता दगडासारखा बसला असेल. बुबुळ सरकवायचं म्हणजे जुनं पांढऱ्यानं बुजवायचं आणि बाजूला नवं काढायचं. तुमच्या गल्लीत तुझ्याशिवाय रंगाचे डबे कुणाकडं आहेत? कुणाकडं नाहीत. म्हणजे ज्यानं केलं त्यानं घरातलं काहीतरी काळं घेतलं असणार. आम्ही पतंगावर चांद काढतो तेव्हा अब्बा नुसत्या बोटानं ओळखतात, हा काळा कोळशाचा, हा काजळीचा, हा शाईचा.

तर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, शिडी लाव. रंग नेऊ नकोस, म्हणजे कोणी बोलणार नाही. एक जुनं फडकं ने. बुबुळावर बोट फिरव, वास घे, फडक्यानं चोळ. काय निघतं ते मला लिही. आणि खरं तेच लिही, ते कुणाच्याही घरातलं निघालं तरी.

अंबरीन


पिंपरखेड
९ जानेवारी

अंबरीन,

माझा रंग सोडून आणखी दोन काळे आहेत.

एक बुबुळ आता चुन्याखाली बुजवलेलं आहे, उजव्या कोपऱ्यात. चुना खरवडला तर खालून तुपकट काळं आलं, बोटाला चिकटलं, आणि एरंडेलाचा वास. काजळ. घरी काजळ पाडणारी गल्लीत एकच, संध्या, तिच्या तान्ह्यासाठी. मधल्या माझ्या बुबुळावरचा चुनाही पानाचा, तिच्याच बरणीतला. तिला नजर आपल्या दुकानावर नको होती, तिनं आमच्या दाराकडं ढकलली. मी माहेरी गेले होते तेव्हा.

दुसरं वरचं. डाव्या कोपऱ्यातलं, भावनाताईकडं बघणारं. त्याला वास यायला फडकं जवळही न्यावं लागलं नाही. चोळलं तर ते पुसलं गेलं नाही, चमकायला लागलं. अंबरीन, संक्रांतीचे डोळे बुटासारखे चमकायला लागले. खाली उभ्या बायका म्हणाल्या, "बया, जिवंत झाली!"

आमच्या गल्लीत सगळे चपलांवर. बूट एकाच माणसाकडं आहेत. कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीची नोकरी करतो, रोज सकाळी ओसरीवर बसून ते घासतो. आणि त्या दिवशी त्यानंच शिडी धरून ठेवली होती.

मी त्याला विचारलं. तो आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, "आई तुला रोज टोचून राह्यली व्हती. ओटीचं, पोटाचं. मला ऐकवलं न्हाई. म्या म्हणलं, नजर आपल्या दारावरून काढली की ती गप बसंल. भावना दिसली न्हाई मला त्या वक्ताला, कसम. फकस्त आपलं दार दिसलं."

मी सहा वर्षं या माणसाकडून एक शब्द ऐकायला थांबले होते, की आई, बस कर. तो शब्द त्यानं काढला नाही. बुटाचं पॉलिश काढलं.

मला त्याचा राग येतोय आणि रडूही येतंय, कारण त्यानं ते माझ्यासाठीच केलं. आता मी हे सांगितलं तर दोन भाऊ कायमचे तुटतील. नाही सांगितलं तर भावनाताई भोगीच्या दिवशी जीपमध्ये बसेल. काय करू?

तुझी,
दैवशाला


जुना जालना
११ जानेवारी

प्रिय दैवशाला,

माझे उरलेले दहा टक्के मी गिळले. चव चांगली नाही.

काय करावं ते मी सांगणार नाही. भाऊ माझाही आहे, तुटण्याचं दुःख मला कळतं. फक्त एक सांगते, जे इजहार माझ्यापासून लपवत होता. गेल्या खेपेला तुमच्या गल्लीत दोघांनी त्याला हटकलं. फोटो कशाला काढले, भिंतीला हात लावला का, तुझं काय काम. तो हसून टेम्पोत बसला. घरी येऊन हसला नाही. अब्बांनी सांगितलंय की या हंगामात पिंपरखेडचा माल एसटीनं जाईल, इजहार जाणार नाही. हे पत्रही एसटीच्या पार्सलात, पतंगांच्या गठ्ठ्यात घालून पाठवतेय. संध्याच ते सोडवणार. बघितलं तर बघू दे.

भावनाताईंच्या जिवाला जपा. तुझ्याही.

तुझीच,
अंबरीन


पिंपरखेड
१४ जानेवारी, संक्रांत

प्रिय अंबरीन,

बाहेर पतंग उडतायत, त्यातले निम्मे तुझ्या हातचे. मी आत बसून लिहितेय. आधी इजहारचं सांगते, कारण ते तुझं आहे.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी कल्याण म्हणाला, "काही करायचं काम न्हाई. लोक तसेही त्या पतंगवाल्याचं नाव घेऊन राह्यले. फोटो काढताना समद्यांनी बघितलंय त्याला. आपण गप बसायचं." त्यानं हे वाईट मनानं म्हटलं नाही. नुसती सोय सांगितली, भाजीला मीठ कमी आहे असं सांगावं तशी. तोपर्यंत मी खरंच गप बसायचं ठरवत होते, अंबरीन. दोन भावांसाठी, त्याच्यासाठी, माझ्यासाठी. पण ती सोय ऐकली आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. मी त्याला म्हटलं, उद्या मी सांगणार आहे, तुला सोबत यायचं तर ये. तो आला नाही. बूट घालून कामावर गेला.

काल भोगी. सकाळी दादांच्या दारात जीप उभी होती. भावनाताईला दोघींनी धरून ओसरीपर्यंत आणलं होतं. आत्याबाई, संध्या, पाण्यावरच्या साऱ्या जणी जमल्या होत्या. मी भोगीची भाजी आणि तिळाची भाकरी केली होती, ती फडक्यात बांधून घेऊन गेले आणि सगळ्यांसमोर बोलले. "आधी नजर संध्यानं आमच्या दाराकडं केली, काजळानं. मंग माझ्या नवऱ्यानं तुमच्या दाराकडं केली, बुटाच्या पॉलिशनं. इजहारनं हात लावला न्हाई. मी बी न्हाई."

संध्या म्हणाली, "मी कशाला करू?" आणि रडायला लागली, म्हणजे कबूलच झालं. आत्याबाई ओसरीच्या कडेला मटकन खाली बसल्या. दादा सणापुरते घरी आले होते. नुसते कारखान्याच्या दिशेनं बघत राहिले, कल्याण तिकडं गेला होता म्हणून.

भावनाताई मात्र माझ्याकडं बघत होती. कितीतरी दिवसांनी बघत होती. म्हणाली, "तू सांगितल्तं का त्याला, तसं करायला?"

"न्हाई."

"कशावरून?"

काजळ ओळखता येतं, पॉलिश ओळखता येतं. मी नवऱ्याला काही बोलले नाही, हे कशानं चोळून दाखवू? मी म्हटलं, "आत्ता डोळे पुसते, नवे काढते. तू सांग कुठं बघू देत." तर ती सगळ्या बायकांकडं वळली. तिला धाप लागली होती. "बोला. कुणाच्या दाराकडं करायला लावू? कुणाला चालंल?"

कोणी बोललं नाही. अंबरीन, मी पण बोलले नाही. इतके दिवस ज्या गोष्टीला मी हसत होते, ती माझ्या दारावर घ्यायची वेळ आली आणि माझी जीभ उचलली नाही. फक्त एक क्षण. पण तो तिनं बघितला.

ती म्हणाली, "मंग राहू द्या माझ्याकडंच. ती कुठं बघती ते तरी मला दिसतं. तुमचं कुणाचं दिसत न्हाई." आणि जीपकडं निघाली.

तेव्हा मला कळलं की माझ्याकडं सांगण्यासारखं काहीच उरलं नाही. मी घरी पळत गेले. माझी गादी गुंडाळली, दोन साड्या घेतल्या आणि तिच्या ओसरीवर आणून टाकल्या. आत्याबाई ओरडल्या, "अगं, तिथं नजर हाय!" मी म्हटलं, "म्हणूनच आले. ती बाळंत होईपर्यंत मी ह्याच घरात राहणार. जे यायचं ते दोघींवर येऊ दे." मला खरंच भीती वाटत होती, तुला म्हणून सांगते. त्या भिंतीवरचा रंग मी स्वतः घोटलाय आणि तरी वाटत होती.

भावनाताई जीपच्या पायरीपाशी थांबली. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, मग बंद केली. बराच वेळ तिनं गादीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग मागच्या भिंतीकडं. ओसरीवर येऊन, कंबरेला हात लावून हळूच बसली आणि म्हणाली, "काय आणलंय फडक्यात?"

मी सोडून दाखवलं. भाकरी अजून गरम होती. तिनं एक तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि माझ्यापुढं धरला. "आधी तू खा."

सगळ्या गल्लीसमोर तिनं मला तसं म्हटलं, अंबरीन. मी खाल्लं. माझा घास गिळून होईपर्यंत ती माझ्या गळ्याकडं बघत राहिली. मग तिनं दुसरा तुकडा मोडला आणि स्वतः खाल्ला, आणि ड्रायव्हरला म्हणाली, "जा बाबा तू. आज न्हाई जायचं."

तुझी,
दैवशाला